आवाज जाऊ दे, करंट नको

भूपालअण्णा मगदूम कुठल्याही धातूच्या वस्तूला पहिल्यांदा शिवतात ते उलट्या हाताने. नळ असो, लोखंडी गेट असो, नाहीतर लग्नाच्या मांडवात रुखवताशेजारी ठेवलेलं स्टीलचं कपाट असो. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं, आणि मगच तळहात लावायचा. वस्तूत करंट उतरला असेल तर तळहात तिला धरून बसतो आणि उलटा हात आपोआप मागे येतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. पण माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाशी हात मिळवण्याआधी त्याच्या मनगटातल्या कड्याला उलटी बोटं लावून पाहिली. तो बिचारा अजून मला विचारतो, "दाजी, ते काका माझ्यावर कशानं नाराज होते?"

सांगलीत गावभागात अण्णांचं दुकान आहे आणि त्याच्या बरोबर समोर माझं. माझ्या दुकानाला काचेचा दरवाजा आहे, एसी आहे, आणि भिंतीवर माझा डिप्लोमा चौकटीत लावलेला आहे. सीसीटीव्ही, इंटरकॉम, दाराबाहेरचा माणूस टीव्हीवर दाखवणारी बेल, सगळं मी विकतो आणि बसवून देतो. अण्णांच्या दुकानाला नावच उरलेलं नाही. पुराचं पाणी वर्षानुवर्षं पाटीवर चढून उतरून तिच्यावर आता फक्त 'दुरु' एवढीच अक्षरं शिल्लक आहेत. तरी रोज चार-पाच माणसं माझा काचेचा दरवाजा ढकलून आत येतात, एसीखाली रुमालाने घाम पुसतात आणि विचारतात, "भूपालअण्णा कुठं बसतात हो?"

मी हसून समोर बोट करतो. पंधरा वर्षं करतोय. आडपडदा न ठेवता सांगतो, मला अण्णांचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, पोटात दुखण्याइतका.

अण्णांच्या कामाच्या टेबलावर मधोमध पांढऱ्या रंगाची एक रेघ आहे. डावीकडे बोलायचं, उजवीकडे ऐकायचं. म्हणजे माइकची कामं डाव्या बाजूला आणि स्पीकरची उजव्या. दोन्ही बाजूंना वेगळे सोल्डर, वेगळे पाने, वेगळ्या पक्कडी. एकदा माझी पक्कड सापडेना म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूची उचलली.

"कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.

"स्पीकरची वायर कापायचीय."

"मग ती ठेवा. ती बोलायची हाय. ऐकायची तिकडं हाय."

"अण्णा, पक्कडीला काय कळतं?"

"पक्कडीला न्हाई कळत. हाताला सवय लागती."

ही सवय जेवणाच्या ताटापर्यंत गेलेली आहे. वाढप्यानं भातावर वरण ओतायला वाटी उचलली की अण्णा हात आडवा धरतात. "वेगळं, वेगळं! माझं मी बघतो." गल्लीतल्या दोन शेजाऱ्यांचं पाण्याच्या मोटारीवरून भांडण झालं, तेव्हा सगळे समजूत घालत असताना अण्णांनी जाऊन दोन्ही मोटारींच्या अर्थिंगच्या वायरी तपासल्या आणि जाहीर केलं, "ह्या एकात एक गुतल्यात. वेगळं करा, भांडण मिटंल." वायरी वेगळ्या केल्यावर एकाच्या नळाला बसणारे झटके थांबले आणि भांडण खरोखरच मिटलं. याचा मला जास्त राग आला.

आणखी एक खोड. समोरचा माणूस बोलायचा थांबला की आपण लगेच बोलतो. अण्णा नाही बोलत. समोरच्याचं वाक्य संपल्यावर ते मनात दोन मोजतात. "त्याचं झालं का न्हाई कसं कळणार?" त्या दोन अंकांच्या शांततेत गिऱ्हाईक घाबरतं आणि जे सांगायचं टाळत होतं तेही सांगून टाकतं. "म्हणजे... मीच उघडून बघितला होता जरा... स्क्रू उरलाय एक." निम्मी दुरुस्ती तिथंच होते.

मी ही युक्ती उचलायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी एका बाईंनी आपली तक्रार सांगितली आणि मी गप्प राहून मनात एक, दोन मोजलं. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी तीनपर्यंत गेलो. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाही का? मी समोर दाखवते."

अण्णांचं सगळं मोठेपण त्यांच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. सुपारीएवढा असतो. ते तो हाताने गुंडाळतात. शिवणयंत्राच्या चाकासारखा एक दांडा फिरवत केसाएवढी तांब्याची तार रिळावर चढवायची आणि वेढे मोजायचे. मोजतात कानडीत. त्यांची आई अथणीकडची. कानडीत मोजलं की मधे कुणी मराठीत बोललं तरी आकडा हलत नाही, असं ते सांगतात. एकदा मी मुद्दाम दारात उभा राहून विचारलं, "अण्णा, आज वार कोणता हो?"

"नूरा एप्पत्तोंदु," अण्णा म्हणाले, म्हणजे एकशे एकाहत्तर, आणि दांडा फिरवत राहिले.

माणसाने इतकं स्थिर असू नये, असं मला वाटलं. मी दुकानात परत येऊन एसी एक अंशाने कमी केला.

माझ्या घरीही माझी बाजू फारशी बळकट नाही. मिक्सरला हात लावला की मुंग्या येतात अशी माझ्या बायकोची, माधुरीची, तक्रार होती. मी म्हटलं, रविवारी बघतो. दोन रविवार गेले. तिसऱ्या आठवड्यात मिक्सर नीट चालत होता.

"झाला का आपोआप बरा?" मी विचारलं.

"अण्णांकडं दिला होता. तुमच्या दुकानासमोरूनच नेला की. तुम्ही फोनवर होता."

या सगळ्यावर कळस चढवला तो पाचगणीने.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी इंटरकॉम बसवला होता. खाली रस्त्याला लागून गेट, वर टेकडीवर ऑफिस, आणि मधे जमिनीतून गेलेली लांबलचक केबल. पालक गेटवर आले की वॉचमन माइकमध्ये नाव सांगणार, वरून ऑफिसातल्या मॅडम परवानगी देणार. बसवला त्या दिवशी छान चालला. पावसाळा लागला आणि शाळेतून फोन यायला लागले. वरच्या स्पीकरमधून सारखी घुंऽऽ अशी घरघर येते आणि वॉचमन माइकजवळ जायला तयार नाही.

मी गेलो. वॉचमन दहिवडीकडचे एक मिशाळ गृहस्थ होते, मारुतीबाबा. माइकपासून चार हात लांब उभे होते.

"काय झालं बाबा?"

"सायेब, ह्यो माइक चावतोय."

"चावतोय?"

"मिशीला. बोलाया गेलं की मिशीला धरतोय. मी आता हितनंच वरडतो. मॅडमला तसंबी ऐकू जातंय."

मी गेटपाशी जमिनीत आणखी एक अर्थिंग ठोकलं. चावणं थांबलं, घरघर दुप्पट झाली. पुढच्या खेपेला केबल बदलली. घरघर तशीच. तिसऱ्या खेपेला भारीतला नवा संच लावला. आता घरघर स्वच्छ आणि सुस्पष्ट ऐकू यायला लागली. मॅडम फार सभ्य होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "सांगलीत आणखी कुणी जाणकार आहेत का?"

कऱ्हाड येईपर्यंत मी गाडीत स्वतःशी भांडत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या दुकानात गेलो. खोटं बोलायची तयारी केली होती. पाचगणीला चाललोय, हवा चांगली आहे, येता का सोबत, असं काहीतरी. मी बोललो आणि थांबलो. अण्णांनी दोन मोजले. मी सगळं सांगून टाकलं.

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"कवा निघायचं, इंजिनेर?" त्यांनी विचारलं. मला ते इंजिनेरच म्हणतात, आणि त्यात टोमणा नसतो, हेही मला सहन होत नाही.

पसरणीचा घाट चढताना मी शाळेचा नकाशा समजावून सांगत होतो आणि अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं ऐकत नाहीत. पण पोचल्या पोचल्या ते थेट गेटकडे गेले, माइकच्या जाळीला उलटी बोटं लावली आणि मारुतीबाबांकडे वळले. "खरं सांगता तुमी. चावतोय."

मारुतीबाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. महिनाभरात पहिल्यांदाच कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

मग अण्णांनी मला जे सांगितलं ते मी डिप्लोमाला असताना शिकलो होतो, पास झालो होतो आणि विसरलो होतो. गेटची जमीन वेगळी, ऑफिसची वेगळी. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक राहतोच. आपण दोन्ही टोकं एकाच तारेने बांधली की तो फरक त्या तारेतून वाहायला लागतो. वर त्याची घरघर ऐकू येते, खाली तो मिशीला चावतो.

"तुमी दोन घरं दोरीनं बांधलीसा," अण्णा म्हणाले. "आवाज जाऊ दे की. करंट कशाला पायजे?"

त्यांनी पिशवीतून सुपारीएवढे ट्रान्सफॉर्मर काढले. एक माइकच्या लाइनीत, एक स्पीकरच्या. आत दोन वेगळी वेटोळी, एकमेकांना तार कुठंच लागलेली नाही. एका वेटोळ्यात आवाज थरथरला की चुंबकाच्या जोरावर तो पलीकडच्यात उमटतो. आवाज पलीकडे पोचतो, बाकी सगळं अलीकडेच अडतं. माइकला लागणारी थोडीशी वीज वरून येणं आता शक्य नव्हतं, म्हणून गेटवरच वेगळी बॅटरी बसवली. "त्याचा खाऊ त्याच्याच घरात ठेवायचा," असं म्हणून झाकण लावलं. मी ठोकलेलं अर्थिंग त्यांनी केबलपासून सोडवलं, पण उपटलं नाही. "ऱ्हाऊ दे. माइकच्या पेटीला कामाला येतंय," म्हणाले. माझी लाज राखली.

मारुतीबाबांनी भीत भीत मिशी पुढे केली. "मॅडम, गेटवरनं मारुती बोलतोय." वरून मॅडमचा आवाज इतका स्वच्छ आला की बाबांनी माइकला सलाम ठोकला. नंतर लक्षात आल्यावर अण्णांना ठोकला. मला नाही.

मॅडमनी अण्णांना स्ट्रॉबेरीच्या जॅमच्या बाटल्या दिल्या. मला थँक्यू दिलं. वाटेत अण्णांनी त्या बाटल्या माझ्या पिशवीत सरकवल्या. "माधुरीला द्या. आमच्यात चालत न्हाई गोड." माधुरीने घरी बाटली उघडली आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "अण्णांनी दिल्या ना?"

आता मात्र मी ठरवलं. ट्रान्सफॉर्मरचे वेढे किती, तार कितीची, कागद कुठला, हे सगळं काढून घ्यायचं आणि आपणच ते बनवायचे. अण्णा झोपेत बोलत असते तर तिथंही जाऊन बसलो असतो. दोन दिवस मी त्यांच्या दुकानात या ना त्या निमित्ताने घुटमळलो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दांडा फिरवायचा थांबवला.

"इंजिनेर, तुमाला ह्यो शिकायचा हाय का?"

 ते मोजायला लागले असावेत, म्हणून मी घाईघाईने "हो" म्हणालो.

"मग आदुगर सांगायचं न्हाई व्हय? वर जावा. स्वयंपाकघरात इंटरकॉमचा संच हाय, त्यात मी सगळ्यात चांगला बनवलेला बसवलाय. उघडून बघा, मोजा, लिहून घ्या."

चोरी करायला आलेल्या माणसाच्या हातात कुणी किल्ली दिली की कसं वाटतं, ते मला त्या जिन्यावर कळलं.

अण्णांचं घर दुकानाच्या वरच आहे, पण इतक्या वर्षांत मी कधी वर गेलो नव्हतो. शांताकाकू ओट्यापाशी उभ्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, गुडघ्यांनी अधू. रोज दोन वेळा हाच उभा जिना उतरून त्या अण्णांना चहा नेऊन देतात, हे मी माझ्या काचेतून कायम बघत आलो होतो. अण्णांच्या बायकोने एवढं करावं आणि माझ्या बायकोने मला डब्यात कालची भाजी द्यावी, असं मनात म्हणतही आलो होतो.

संच भिंतीवर होता. लाकडी पेटी, पॉलिश केलेली, वर एक लाल बटण, दाबून धरलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. जाळीवर धुळीचा कण नव्हता. खाली दुकानातल्या टेबलावर याचाच जोडीदार आहे, हे मी ओळखलं. तो मी रोज बघत होतो आणि बिघडलेला माल समजत होतो.

मी पेटी उघडली. आत ते काम बघून हात आपोआप मागे आला. दोन ट्रान्सफॉर्मर, आणि प्रत्येकाच्या दोन वेटोळ्यांमध्ये इतका कागद, इतकं वार्निश, की एखाद्या मोठ्या दवाखान्यातल्या यंत्रालाही ते पुरलं असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. पाच-पाचचे गठ्ठे. सगळं झाकण भरून गेलं होतं.

"ह्या रेघा कसल्या, काकू?"

"दर पुनवेला खोलून तपासत्यात. मीटर लावत्यात, रेघ मारत्यात, परत लावत्यात."

"एवढं? मग याच्यावरून बोलता तरी किती तुम्ही?"

काकूंनी गॅस बारीक केला. "मी न्हाई बोलत त्याच्यावरनं."

मी स्क्रू हातात धरून उभा राहिलो.

"आदुगर दुसरा होता," त्या म्हणाल्या. "स्टीलच्या डब्यात बसवलेला. नवीन लग्न झालेलं आमचं, त्यांनी हौसेनं केला होता. म्हणाले, जिना उतरू नगंस, हितनं हाक मार. पावसाचे दिवस, माझा हात वला. आमटी उतरवली आन् जेवायला या म्हणाया बटण दाबलं." त्यांनी उजवा हात पुढे केला. कोपरापर्यंत कातडी चकाकत होती. "करंटानं फेकलं ते आमटीवरच. ही दोन बोटं अजून बधिर हाईत. त्यांनी मला उचलून दवाखान्यात नेलं. धा दिवस अन्नाला शिवले न्हाईत. मग ह्यो बनवला."

"मग आता याची भीती वाटते?"

"भीती न्हाई. ह्यात काय बी हुनार न्हाई, मला ठावं हाय. पर हात जात न्हाई तिकडं. त्यांनी कवा म्हटलं न्हाई, दाब म्हणून. मी बी कवा सांगितलं न्हाई. मी आपली जिना उतरती." काकूंनी कपात चहा गाळायला घेतला. "इतकी वर्सं झाली. पोरगी सासरी गेली, तिला पोरं झाली."

मी वेढे मोजले नाहीत. वहीही काढली नाही. झाकण लावलं आणि स्क्रू घट्ट केले. संच उघडला की बंद केल्यावर चालवून बघायचा, ही धंद्यातली रीत आहे. त्यात माझा दुसरा काही विचार नव्हता. मी लाल बटण दाबून सोडलं.

खाली कुठंतरी टिक् झालं असावं. काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, बहुतेक रीळ. मग जाळीतून अण्णांचा आवाज आला. इतका स्वच्छ, की ते स्वयंपाकघरातच उभे आहेत असं वाटलं. पण हा आवाज मी ओळखत नव्हतो.

"हां. बोल, शांते."

मी काकूंकडे बघितलं. गाळणी त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

"बोल की गं," जाळी म्हणाली, आणि गप्प झाली.

मी पुन्हा बटण दाबलं आणि मान हलवून काकूंना खुणावलं. त्या दोन पावलं पुढे आल्या. पेटीला त्यांनी हात लावला नाही. पदर सावरला, तोंड जाळीजवळ नेलं आणि एखाद्या नव्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "चहा झालाय. वर या."

मी बटण धरूनच राहिलो होतो.

"आवं, सोडा की," काकू कुजबुजल्या. "ते काय म्हणत्यात ऐकू द्या मला."

मी बोट काढलं. जाळीतून दुकानातला पंखा ऐकू आला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा हॉर्न वाजला. माझ्याच दुकानाचा काचेचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला. अण्णांनी खाली बटण दाबून धरलं होतं. काकू कान लावून उभ्या होत्या. 

मी निघालो. जिन्यात अण्णा भेटले. एरवी पायरीला पायरी लावून चढणारा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत होता. वेढे किती निघाले, हे त्यांनी विचारलं नाही. मला बघितलं की नाही, तेही सांगता येत नाही.

दुकानात माझ्या एसीखाली एक गिऱ्हाईक घाम पुसत बसलं होतं. "अण्णा नाहीत का हो समोर?"

"वर गेलेत," मी म्हटलं. "आज वेळ लागेल."

तो गेल्यावर मी फोन उचलून घरी लावला. तीन वेळा वाजला.

"काय झालं?" माधुरीने घाबऱ्या आवाजात विचारलं. "काय विसरला?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज."

मी मनात दोन मोजले. पलीकडे भांडी वाजत होती. मग तिने भांड्यांचा आवाज थांबवला आणि म्हणाली, "हं. बोला."